विचार येणे आणि विचार करत राहणे : मंत्रचळातील अदृश्य सक्ती

‘माझ्या मनात विचार आला’ आणि ‘मी त्यावर विचार केला’ ही दोन्ही वाक्ये आपण दिवसातून कितीदा तरी वापरतो. पहिल्या वाक्यात विचार आपण होऊन येतो, ज्याच्या मनात तो येतो त्याची परवानगी कोणी घेतलेली नसते. दुसऱ्या वाक्यात मात्र काम करणारा ‘मी’ असतो. मंत्रचळ, म्हणजे ज्याला आता बहुतेक लोक ओसीडी (ऑब्सेसिव्ह कम्पल्सिव्ह डिसऑर्डर) या नावाने ओळखतात, त्या विकाराचा सर्वांत फसवा प्रकार समजून घेण्यासाठी व्याकरणातला हा साधा फरक फार उपयोगी पडतो, कारण त्या विकाराने गांजलेल्या माणसाला नेमका तोच दिसेनासा झालेला असतो.

मंत्रचळ म्हटले की पुन्हा पुन्हा हात धुणारा किंवा दाराची कडी दहा वेळा तपासणारा माणूस डोळ्यांसमोर येतो. पण काही रुग्ण बाहेरून पाहता काहीच करत नसतात. नुकतीच आई झालेली एखादी स्त्री बाळाला मांडीवर घेऊन शांत बसलेली दिसते आणि तिच्या मनात मात्र तासन्‌तास चौकशी चालू असते. ‘बाळाला इजा करण्याचा विचार माझ्या मनात आलाच कसा? तो आला तेव्हा मला पुरेशी भीती वाटली का? मी आतून क्रूर तर नाही?’ एखादा तरुण आपल्या जोडीदारावर आपले खरोखर प्रेम आहे की नाही याचा निकाल लावू पाहत असतो. गाडी चालवून घरी आलेला कोणी वाटेत लागलेला तो धक्का खड्ड्याचाच होता ना, हे आठवणीत मागे मागे जाऊन तपासत असतो. कोणाला आपल्या श्रद्धेच्या शुद्धतेबद्दल शंका छळते, तर कोणाला जग खरे आहे की भास, या प्रश्नाचे उत्तर मिळेपर्यंत जेवण गोड लागत नाही. जवळच्या माणसांना एवढेच जाणवते की हा हल्ली हरवल्यासारखा असतो.

मंत्रचळ हा काही दुर्मिळ विकार नाही. अमेरिकेतील एका मोठ्या राष्ट्रीय पाहणीनुसार सुमारे 2.3 टक्के लोकांना आयुष्यात केव्हा ना केव्हा तो होतो, आणि त्याची सुरुवात बहुधा पौगंडावस्थेत किंवा ऐन तारुण्यात होते. मनातल्या मनात चालणाऱ्या प्रकाराचे रुग्ण मात्र मदत मागायला विशेष उशीर करतात. एक तर आपल्या विचारांचा आशय उच्चारण्याचीच त्यांना लाज वाटते, आणि दुसरे म्हणजे आपण जे करतो आहोत ते आजाराचे लक्षण आहे अशी शंकाही त्यांना येत नाही. आपण एका गंभीर प्रश्नाचा प्रामाणिकपणे विचार करत आहोत, असेच त्यांना वाटत असते.

ज्या विचारापासून हे सारे सुरू होते, तो विचार असामान्य नसतो. मानसशास्त्रज्ञ स्टॅन्ली रॅकमन आणि पद्मल डी सिल्व्हा यांनी 1978 साली कोणताही मनोविकार नसलेल्या लोकांना त्यांच्या मनात येणाऱ्या नकोशा विचारांबद्दल विचारले, तेव्हा बहुसंख्य लोकांनी असे विचार येत असल्याचे सांगितले. त्यांचा आशयही रुग्णांच्या विचारांशी बराच मिळताजुळता निघाला. 2014 साली प्रसिद्ध झालेल्या, 13 देशांतील 777 विद्यार्थ्यांच्या अभ्यासात सुमारे 94 टक्के जणांना आधीच्या तीन महिन्यांत असा किमान एक विचार येऊन गेला होता. उंच गच्चीवर उभे असताना उडी मारण्याचा, हातात सुरी असताना ती कोणावर तरी चालवण्याचा, गंभीर प्रसंगी काहीतरी अर्वाच्य बोलण्याचा विचार निरोगी माणसाच्या मनातही चमकून जातो. तो माणूस क्षणभर दचकतो आणि पुढच्या कामाला लागतो.

मंत्रचळ असलेल्या माणसाला पुढे जाता येत नाही, कारण त्या विचाराला तो वेगळा अर्थ देतो. ब्रिटिश मानसशास्त्रज्ञ पॉल सालकोव्हस्किस यांनी 1985 साली मांडलेल्या विश्लेषणात यातील जबाबदारीच्या वाढीव जाणिवेवर भर होता : अनिष्ट घडण्याची कल्पना मनात आली की ते टाळण्याची पूर्ण जबाबदारी आता माझ्यावर आहे, असे या माणसाला वाटते. त्यात आणखी एका समजुतीची भर पडते. वाईट विचार मनात येणे हे वाईट कृत्य करण्याइतकेच निंद्य आहे, किंवा विचार आल्यामुळे ती गोष्ट घडण्याची शक्यता वाढते, असे मन मानू लागते. असे विचार ज्याला छळतात त्याची मूल्ये बहुधा त्या विचारांच्या नेमकी विरुद्ध असतात. बाळाच्या जिवाला जपणाऱ्या आईलाच बाळाला इजा होण्याचा विचार असह्य होतो, हे तिला कोणी समजावून सांगितले तर तिच्या मनावरचा फार मोठा भार हलका होऊ शकतो. सांगणाऱ्याने मात्र ते एकदाच सांगावे. पुन्हा पुन्हा सांगण्यात काय धोका आहे ते पुढे येईलच.

आता खऱ्या कळीच्या मुद्द्याकडे येऊ. विचार आला की भीती वाटते, आणि ती शमवण्यासाठी माणूस मनातल्या मनात कामाला लागतो. तो भूतकाळ उकरतो, स्वतःशीच वकिलासारखा युक्तिवाद करतो, पुरावे मांडतो, प्रतिज्ञा करतो, आपल्या भावना तपासून पाहतो. मधूनच एखादे समाधानकारक उत्तर सापडते आणि हायसे वाटते. ही सुटका काही मिनिटांचीच असली तरी मेंदू तिच्यातून एक धडा शिकतो : हा धोका खरा होता आणि विचार केल्यामुळे तो टळला. पुढच्या वेळी तोच विचार अधिक जोराने धोक्याची घंटा वाजवतो. हात धुण्याची सक्ती, म्हणजे केल्यावाचून राहवत नाही अशी ती कृती, ज्या यंत्रणेने पक्की होते तीच यंत्रणा येथेही काम करते, फक्त पाणी आणि साबण दिसत नाही. म्हणूनच विचारांचे हे रवंथ ही स्वतःच एक सक्तीची कृती आहे, असे मानणे मला शास्त्रदृष्ट्या योग्य आणि रुग्णाच्या दृष्टीने अत्यंत आशादायक वाटते. जे आपण करतो, ते न करणे शिकता येते.

ही ओळख वैद्यकाला सावकाश पटत गेली. जर्मन मनोविकारतज्ज्ञ विल्हेल्म ग्रीझिंगर यांनी 1868 साली अखंड प्रश्न विचारत राहणाऱ्या रुग्णांचे वर्णन करताना जो शब्द वापरला, त्याचा मुळाशी जाणारा अर्थ ‘खोदत बसण्याची व्याधी’ असा होतो, आणि मला तो आजच्या अनेक पारिभाषिक शब्दांपेक्षा नेमका वाटतो. त्याच शतकात फ्रेंच वैद्य या विकाराला ‘संशयाचे वेड’ म्हणत. तरीही पुढे दीर्घकाळ, विचार म्हणजे पछाडणूक आणि शारीरिक कृती म्हणजे सक्ती, अशी ढोबळ वाटणी रूढ राहिली आणि दिसणारी कृती नसलेल्यांना ‘फक्त विचारांचा’ मंत्रचळ आहे असे समजले गेले. अमेरिकेच्या मनोविकार निदानपुस्तिकेच्या 1994 सालच्या चौथ्या आवृत्तीत सक्तीच्या व्याख्येत मानसिक कृतींचा स्पष्ट उल्लेख आला. बारकाईने विचारपूस केली की ‘फक्त विचार’ असलेल्या बहुतेक रुग्णांमध्येही अशा छुप्या कृती आढळतात.

एवढा विचार करूनही खात्री का मिळत नाही, याचे एक उद्‌बोधक उत्तर नेदरलँड्समधील मार्सेल व्हान डेन हौट आणि मेरेल किंट यांच्या 2003 सालच्या प्रयोगांतून मिळाले. त्यांनी निरोगी विद्यार्थ्यांना संगणकाच्या पडद्यावर गॅसची शेगडी पुन्हा पुन्हा तपासायला लावली. वारंवार तपासल्यानंतर शेवटच्या तपासणीची आठवण तितकीच अचूक राहिली, पण ती अंधूक वाटू लागली आणि तिच्यावरचा विश्वास घटला. म्हणजे तपासण्यामुळेच संशय वाढला, आणि तोही ज्यांना मंत्रचळ मुळीच नव्हता अशा माणसांमध्ये. हा प्रयोग शेगडीचा होता, मनाचा नव्हे. पण ‘माझे प्रेम खरे आहे का’ हे दिवसातून शंभरदा चाचपून पाहणाऱ्याला ते प्रेम जाणवेनासे का होते, याचा अंदाज त्यावरून बांधता येतो. त्यातच या प्रश्नांना शंभर टक्के खात्रीचे उत्तर नसतेच. उद्या मी काय करीन याची हमी कोणीही देऊ शकत नाही. इतर माणसे त्या हमीवाचून जगतात, रुग्ण मात्र ती मिळाल्याशिवाय उठणार नाही असा हट्ट धरून बसलेला असतो.

मग विचार दाबून टाकावा का? अमेरिकन मानसशास्त्रज्ञ डॅनियल वेग्नर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 1987 साली प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात काही जणांना पाच मिनिटे पांढऱ्या अस्वलाचा विचार न करण्यास आणि तो आलाच तर घंटी वाजवण्यास सांगितले होते. घंट्या वाजत राहिल्या. शिवाय नंतर अस्वलाचा विचार करण्याची मोकळीक दिली तेव्हा, ज्यांनी आधी तो दाबला होता त्यांच्या मनात तो अधिक वेळा आला. आलेल्या विचाराला हाकलणे हेही शेवटी त्याच्याशी झटणेच असते.

उपचाराचा पाया 1966 साली लंडनमध्ये मानसशास्त्रज्ञ व्हिक्टर मेयर यांनी घातला. तोपर्यंत हा विकार जवळजवळ असाध्य मानला जात असे. त्यांनी रुग्णालयात दाखल असलेल्या दोन रुग्णांना भीती वाटणाऱ्या गोष्टींना सामोरे जायला लावले आणि त्यानंतरची सक्तीची कृती परिचारिकांच्या देखरेखीखाली रोखून धरली. दोघांमध्येही लक्षणीय सुधारणा झाली. याच पद्धतीला आज ‘सामोरे जाणे आणि प्रतिसाद रोखणे’ म्हटले जाते, आणि बोधात्मक वर्तनोपचारातील (विचार आणि वागणे बदलण्याच्या सरावावर आधारलेल्या उपचारातील) तो मंत्रचळावरचा सर्वांत भक्कम पुरावा असलेला उपचार आहे. पण हात धुणाऱ्याचा नळ परिचारिकेला बंद करता येतो. मनातला नळ कोण बंद करणार? सालकोव्हस्किस यांनी 1983 साली एका रुग्णाला स्वतःचे छळणारे विचार ध्वनिफितीवर पुन्हा पुन्हा ऐकवले, म्हणजे विचार समोर राहील पण त्याला दिलेले मानसिक उत्तर मध्ये घुसणार नाही. आजही भीतीचे वर्णन लिहून काढणे आणि ते वाचणे किंवा ऐकणे असे सराव दिले जातात. मात्र रुग्ण ते ऐकता ऐकता मनात ‘मी असा नाहीच’ म्हणत राहिला, तर तो सराव वाया जातो.

म्हणून उपचारातील सर्वांत नाजूक काम म्हणजे रुग्णाला त्याचा ‘मी’ नेमका कोठे सुरू होतो हे ओळखायला शिकवणे. प्रश्न मनात येणे त्याच्या हातात नाही, प्रश्न मनाच्या कोपऱ्यात पडून राहिला आहे याची जाणीव असणेही त्याच्या हातात नाही. त्या प्रश्नाचे उत्तर शोधू लागणे मात्र त्याच्या हातात आहे. उपचारक त्याला एखाद्या वेळी मुद्दाम काही मिनिटे उत्तर शोधायला सांगतो आणि मग तेच काम अर्धवट टाकायला लावतो, म्हणजे काम करत असतानाची आणि काम खाली ठेवल्यानंतरची मनाची अवस्था त्याला प्रत्यक्ष अनुभवाने वेगळी कळते. काम खाली ठेवल्यावर सुरुवातीला अस्वस्थता वाढते. काहीतरी फार महत्त्वाचे आपण बेजबाबदारपणे सोडून देत आहोत असे वाटते, आणि तेवढ्यावरून पुन्हा विचार सुरू करण्याचा मोह होतो. येथे आणखी एक सापळा असतो : ‘मी आता रवंथ तर करत नाही ना?’ हे सतत तपासणे हेच नवे रवंथ होऊन बसते. विचार थांबले की नाही ते पाहत बसण्यापेक्षा, प्रश्न अनुत्तरित असतानाच हातातले काम चालू ठेवावे लागते.

यासाठी निदान अचूक हवे. नैराश्यातील विचारचक्र बहुधा झालेल्या गोष्टींच्या आणि स्वतःच्या उणिवांच्या दुःखाभोवती फिरते, नुसत्या चिंतेचे विषय रोजच्या व्यवहारातले आणि बदलते असतात, तर मंत्रचळातील रवंथ एखाद्या नकोशा शंकेचा निकाल लावू पाहते. एकाच व्यक्तीत हे सर्व एकत्र असू शकते. हा भेद न जाणणारा समुपदेशक सद्‌हेतूने ‘या विचाराचा खोल अर्थ काय असेल’ हे रुग्णाबरोबर शोधू लागतो आणि आठवड्यातून एक तास आजारालाच हातभार लावतो. हे पाहून मला मनापासून वाईट वाटते, कारण मदत मागण्याचे धैर्य त्या माणसाने फार कष्टाने गोळा केलेले असते.

घरच्या माणसांची अडचणही खरी असते. ‘मी वाईट आहे का गं?’ असे कोणी रडवेल्या आवाजात विचारले तर ‘नाही रे’ म्हणण्यावाचून राहवत नाही. परंतु दिलासा मागणे हीही सक्तीच आहे, आणि प्रत्येक उत्तराबरोबर पुढच्या प्रश्नाची सोय होते. इंटरनेटवर तासन्‌तास उत्तरे शोधणे किंवा मनातले सर्व काही कबूल करत राहणे यांचेही तसेच आहे. दिलासा एकाएकी तोडून टाकणे क्रूर ठरते; रुग्णाशी आधी बोलून, उपचारकाच्या सल्ल्याने तो कमी करत नेला, तर ‘हा प्रश्न आजाराचा आहे, मी उत्तर देणार नाही, पण तुझ्याजवळ बसतो’ एवढे वाक्य पुरते.

औषधांचेही स्थान पक्के आहे. क्लोमिप्रामाइन हे या विकारावर उपयुक्त ठरलेले पहिले औषध; आता बहुधा फ्लुओक्सेटिन, सर्ट्रालिन, फ्लुवोक्झामिन यांसारखी, मेंदूतील सेरोटोनिन या रसायनाच्या पुनर्शोषणावर काम करणारी औषधे आधी दिली जातात. मंत्रचळात त्यांची मात्रा अनेकदा नैराश्यातल्यापेक्षा अधिक लागते आणि पुरता परिणाम दिसायला 8 ते 12 आठवडे लागू शकतात, त्यामुळे महिनाभरात निराश होऊन किंवा स्वतःच्या मनाने ती बंद करू नयेत. 1992 साली अमेरिकेत झालेल्या एका अभ्यासात, फ्लुओक्सेटिनने सुधारलेल्या आणि केवळ वर्तनोपचाराने सुधारलेल्या अशा दोन्ही रुग्णगटांत मेंदूच्या उजव्या बाजूच्या कॉडेट या केंद्रातील ग्लुकोजचा वापर घटलेला आढळला. मनाने केलेल्या सरावाची खूण मेंदूच्या चित्रणात उमटते, हे तेव्हा अनेकांना नवे होते.

बरे होत असलेल्या रुग्णाला तो जुना विचार अधूनमधून येतच राहतो. बाळाला आंघोळ घालताना त्या आईच्या मनात तो एखाद्या दिवशी पुन्हा चमकतो, पोटात जुना गोळाही उठतो. ती त्याला उत्तर देत नाही, हाकलतही नाही. बाळाच्या कानामागचा साबण धुऊन काढते आणि टॉवेल हातात घेते.