मीडिया ट्रायल

खटल्याचा निकाल लागण्याआधीच वृत्तपत्रे, वाहिन्या किंवा समाजमाध्यमे आरोपीला दोषी अथवा निर्दोष ठरवून मोकळी होतात, त्या प्रकाराला मराठीत सर्रास ‘मीडिया ट्रायल’ म्हणतात. ‘माध्यम-खटला’ हा पर्याय अधूनमधून दिसतो, पण रुळलेला नाही. भाषणस्वातंत्र्य (संविधान, अनुच्छेद १९) आणि न्याय्य सुनावणीचा हक्क (अनुच्छेद २१) यांच्या ओढाताणीत हा विषय येतो.

भारतातील ठळक आरंभीचे उदाहरण म्हणून बहुधा नानावटी खटल्याकडे बोट दाखवले जाते. २७ एप्रिल १९५९ रोजी मुंबईत नौदलाचे कमांडर कावस नानावटी यांच्या रिव्हॉल्व्हरच्या गोळ्यांनी प्रेम आहुजा यांचा मृत्यू झाला. रुसी करंजिया यांच्या ‘ब्लिट्झ’ या इंग्रजी साप्ताहिकाने नानावटींची बाजू उघडपणे लावून धरली. ज्यूरीने (सामान्य नागरिकांच्या पंचमंडळाने) ८ विरुद्ध १ मतांनी ‘निर्दोष’ असा कौल दिला. सत्र न्यायाधीशांना तो न पटल्याने त्यांनी प्रकरण मुंबई उच्च न्यायालयाकडे पाठवले. तेथे ११ मार्च १९६० रोजी जन्मठेप झाली आणि २४ नोव्हेंबर १९६१ रोजी सर्वोच्च न्यायालयाने ती कायम केली.

‘ब्लिट्झने ज्यूरी फिरवली आणि त्यामुळे देशातून ज्यूरीपद्धतच गेली’ ही समजूत आजही पक्की आहे. तिचे दोन भाग वेगळे करून पाहायला हवेत. दुसरा भाग तारखांपुढे टिकत नाही. कायद्यात सुधारणा सुचवणाऱ्या विधी आयोगाने १४ व्या अहवालात ज्यूरी रद्द करण्याची शिफारस केली ती १९५८ मध्ये, म्हणजे गोळीबाराच्या आधी. आणि फौजदारी कायद्यातून ज्यूरी सर्वत्र गेली ती १९७३ च्या फौजदारी प्रक्रिया संहितेने. पारशी विवाहविषयक न्यायालयांत तर पंचांची पद्धत त्यानंतरही राहिली. या खटल्याने आधीच सुरू असलेल्या ओहोटीला एक गाजलेले निमित्त दिले, एवढेच म्हणणे अधिक सयुक्तिक वाटते.

पहिल्या भागाबाबत ठाम विधान करणे अवघड आहे. निकालपत्रांचा भर वृत्तपत्रावर नाही. सत्र न्यायाधीशांनी ज्यूरीला कायदा समजावताना केलेल्या चुकांवर आणि पुराव्यावर आहे. झटापटीत गोळ्या सुटल्या असा बचाव होता. आहुजा नुकतेच आंघोळ करून आले होते, कमरेला टॉवेल होता, आणि मृतदेहावरही तो न सुटता तसाच होता. झटापट झाली असती तर टॉवेल जागेवर राहिला नसता, हा मुद्दा सर्वोच्च न्यायालयाला महत्त्वाचा वाटला. ‘ब्लिट्झ’चे वजन पडले असेलच तर ते दयेच्या प्रश्नावर अधिक पडले असावे, १९६४ मध्ये नानावटींना माफी मिळाली.

याच साप्ताहिकाच्या संपादकाविरुद्धच्या बदनामीच्या दाव्यातून मिरजकर खटला (१९६६) उद्भवला. एका साक्षीदाराची जबानी छापू नये, हा उच्च न्यायालयाचा तोंडी आदेश सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायमूर्तींच्या पीठाने बहुमताने वैध ठरवला. मात्र न्या. हिदायतुल्ला यांचे भिन्नमतपत्र आजही वाचण्याजोगे आहे. वार्तांकन काही काळ पुढे ढकलण्याचा आदेश देता येतो, हे सर्वोच्च न्यायालयाच्या सहारा विरुद्ध सेबी प्रकरणात (२०१२) स्पष्ट झाले.

खरी अडचण कायद्यातील एका फटीत आहे. खटल्याला बाधा आणणारे प्रकाशन अवमान ठरण्यासाठी कार्यवाही ‘प्रलंबित’ असावी लागते. न्यायालय अवमान कायदा, १९७१ च्या कलम ३ नुसार पोलीस प्रकरणातील कार्यवाही साधारणतः दोषारोपपत्र दाखल झाल्यावर किंवा न्यायालयाने समन्स वा वॉरंट काढल्यावर ‘प्रलंबित’ मानली जाते. अटकेनंतर दोषारोपपत्राला ६० ते ९० दिवस लागू शकतात, आणि नेमक्या याच काळात आरोपीचे छायाचित्र, कथित कबुलीजबाब, घरच्यांच्या मुलाखती यांचा मारा होतो. पोलिसांपुढे दिलेली कबुली न्यायालयात पुरावा ठरत नाही. वाहिनीवर मात्र तीच पुरावा म्हणून दिवसभर फिरते. विधी आयोगाने २०० व्या अहवालात (२००६) अटकेपासूनच संरक्षण द्यावे असे सुचवले, आणि ही सूचना रास्त आहे.

अभिनेते सुशांतसिंह राजपूत यांच्या मृत्यूनंतरच्या वार्तांकनाबाबत मुंबई उच्च न्यायालयाने १८ जानेवारी २०२१ रोजी दिलेल्या निकालात, तपासात अडथळा आणणारे प्रसारणही अवमान ठरू शकते असे म्हटले आणि वृत्तपत्रांसाठीच्या प्रेस कौन्सिल या संस्थेची मार्गदर्शक तत्त्वे तूर्त वाहिन्यांनाही लागू केली. १९७८ च्या कायद्याने कौन्सिलला ताकीद देण्याचा व निषेध नोंदवण्याचा अधिकार आहे. दंड करण्याचा नाही.