पार्श्वभूमी : जीवशास्त्राचे ‘प्रात्यक्षिक’ नेमके कोणी करायचे?

शाळेच्या फलकावर एकाच आठवड्यात दोन सूचना लागतात. ‘बुधवारी मैदानावर अग्निशमनाचे प्रात्यक्षिक’ आणि ‘गुरुवारी नववी ब ची जीवशास्त्राची प्रात्यक्षिके’. मैदानावर मुले रांगेत उभी राहून बघतात, नळी जवानांच्या हातात असते. प्रयोगशाळेत मुलांनी स्वतः काहीतरी करणे अपेक्षित असते. शब्द मात्र दोन्हीकडे एकच. शरीररचना आणि जीवशास्त्र शिकवण्याच्या इतिहासातली सगळी ओढाताण बघणे आणि करणे या दोन क्रियापदांमध्येच झाली आहे. कृतीतून जीवशास्त्र कसे शिकवावे, याची चर्चा आज जोरात आहे. तिच्यात हा धागा हमखास निसटतो, म्हणून ही पार्श्वभूमी.

जुना काळ थोडक्यात सांगतो. मध्ययुगीन युरोपातल्या विद्यापीठांत शवविच्छेदनाला तीन माणसे लागत. उंच आसनावरून ग्रंथ वाचणारा प्राध्यापक, छडीने अवयव दाखवणारा साहाय्यक आणि सुरी चालवणारा न्हावी. १५४३ मध्ये ज्याचा सचित्र शरीररचना ग्रंथ प्रसिद्ध झाला, त्या इटलीतल्या पादुआच्या तरुण प्राध्यापकाने आसनावरून खाली उतरून सुरी स्वतःच्या हातात घेतली. त्याचे कौतुक होते ते योग्यच आहे, पण त्याचे विद्यार्थी बघतच राहिले. १५९४ मध्ये त्याच शहरात विच्छेदनासाठी जी कायमची जागा बांधली, तिला नाट्यगृहच म्हणतात. तळाशी टेबल आणि भोवती एकावर एक सहा सज्जे.

आपल्याकडच्या संस्कृत शल्यग्रंथात वेगळी गोष्ट सापडते. शिष्याने रोग्याला हात लावण्याआधी भोपळा, काकडी अशा फळांवर छेद घ्यावेत, पाण्याने भरलेल्या कातडी पिशवीवर भेदन करावे, कमळाच्या देठावर वेधनाचा हात बसवावा, माणसाच्या आकाराच्या बाहुल्यावर पट्ट्या बांधून पाहाव्यात, असे तिथे सांगितले आहे. या हातच्या सरावाला त्या ग्रंथात स्वतंत्र शब्द आहे, ‘योग्या’. तो मराठीत आपण घेतला नाही. घेतला असता तर पुढचा बराच गोंधळ टळला असता असे मला वाटते.

शाळेपुरते बोलायचे तर खरी सुरुवात १८७० च्या दशकात लंडनमध्ये झाली. उत्क्रांतिवादाची बाजू जाहीरपणे लढवणाऱ्या एका प्राध्यापकाने शालेय शिक्षकांसाठी उन्हाळी वर्ग सुरू केले. मुलांना शिकवणाऱ्याने आधी स्वतः कापावे, सूक्ष्मदर्शकातून पाहावे आणि जे दिसले तेच काढावे, हा त्याचा आग्रह. सगळी सजीवसृष्टी काही आठवड्यांत पाहता येणार नव्हती, म्हणून त्याने मोजके प्रातिनिधिक नमुने निवडले. यीस्ट, अमीबा, नेचे, घेवड्याचे रोप, हायड्रा, गोड्या पाण्यातला कवचधारी प्राणी आणि शेवटी बेडूक. १८७५ मध्ये या क्रमाचे प्रात्यक्षिक पुस्तक छापले गेले. पुढची जवळजवळ शंभर वर्षे जगभरातल्या अभ्यासक्रमांवर याच ‘नमुना पद्धती’ची छाप राहिली. आपल्या अकरावी-बारावीतले गांडूळ, झुरळ आणि बेडूक त्याच घराण्यातले.

बेडूक का, याची कारणे अगदी व्यावहारिक होती. तो ट्रेमध्ये मावतो. पोट उघडले की यकृत, हृदय, आतडे, अंडाशय लगेच दिसतात. पाठीचा कणा आणि चार पाय असल्यामुळे त्याच्यावरून माणसाच्या शरीराकडे बोट दाखवता येते. त्यातच १८९३ मध्ये एका जर्मन वैद्याच्या लक्षात आले की फॉर्मालिनमध्ये ऊती कडक होतात आणि सडत नाहीत. ताजा प्राणी मिळवायची घाई संपली. बरणीतला प्राणी वर्षभर कपाटात राहू लागला आणि शाळांना तो पुरवणारा व्यापार उभा राहिला. विच्छेदन शाळेत रुजले त्यात शिक्षणविचाराइतकाच या रसायनाचाही वाटा आहे.

अकरावीत आमच्या बॅचला असाच बेडूक मिळाला होता. मेणाच्या ट्रेवर उताणा, चारही पायांना पिना. कातडी कापल्यावर आत सगळे एकाच रंगाचे, करडे. पुस्तकात तांबडे-निळे दाखवलेले हृदय शेंगदाण्याएवढे आणि रबरासारखे कडक होते. डोळ्यांत पाणी येत होते ते फॉर्मालिनमुळे. जर्नलमधली आकृती मात्र आम्ही आदल्या रात्रीच काढून ठेवली होती, नावांसकट. सरांची सही आकृतीवर व्हायची. ट्रेमध्ये काय दिसले हे कोणी विचारले नाही. करणे होते, हातही होते, पण शोधायचे काही उरलेले नव्हते.

या साचलेपणावर आधीही टीका झाली होती. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस इंग्लंडमधल्या एका रसायनशास्त्रज्ञाने मुलाला संशोधकाच्या जागी बसवा, असे म्हणत नवी पद्धत मांडली. दुसऱ्या महायुद्धानंतर उद्ध्वस्त देशांतल्या विज्ञान शिक्षकांसाठी १९४८ मध्ये एक पुस्तिका निघाली. तिचीच वाढून १९५६ मध्ये जाडजूड हस्तपुस्तिका झाली. डबे, बाटल्या, काड्या, नळ्या यांतून उपकरणे कशी करावीत हे तीत होते. १९५७ मध्ये सोव्हिएत संघाचा पहिला कृत्रिम उपग्रह आकाशात गेला आणि अमेरिका खडबडून जागी झाली. १९५८ पासून तिथे आणि साठच्या दशकात ब्रिटनमध्ये जीवशास्त्राचे अभ्यासक्रम नव्याने लिहिले गेले, ‘शोध’ हा शब्द मध्यावर ठेवून. आपल्याकडे १९७२ मध्ये मध्य प्रदेशातल्या होशंगाबाद जिल्ह्यात १६ शाळांपासून सुरू झालेला प्रयोग याच विचाराचा. सहावी ते आठवीच्या मुलांनी प्रयोग स्वतः करायचे, निष्कर्षही स्वतःच लिहायचे. शेकडो शाळांत पोचलेला हा कार्यक्रम २००२ मध्ये राज्य सरकारने बंद केला.

आता त्या शब्दाकडे. बी.एड.च्या पुस्तकांत तीन पद्धती नीट वेगळ्या केलेल्या असतात. शिक्षक करतो आणि वर्ग बघतो ती दिग्दर्शन पद्धती. विद्यार्थी ठरलेल्या पायऱ्यांनी स्वतः करतो ती प्रयोगशाळा पद्धती. उत्तर आधी न सांगता मुलाला ते शोधायला लावायचे ती स्वयंशोधन पद्धती. परीक्षेत या तिन्हींचे फायदे-तोटे लिहिलेला शिक्षक शाळेत रुजू झाला की तिन्हींना ‘प्रात्यक्षिक’ म्हणू लागतो, कारण वेळापत्रकात तोच शब्द छापलेला असतो. मूळ ‘प्रत्यक्ष’. अक्षासमोर, म्हणजे डोळ्यांसमोर असलेले. शब्दाच्या पोटातच बघणे आहे, हात त्यात कुठेच नाही. इंग्रजीत डेमॉन्स्ट्रेशन आणि प्रॅक्टिकल असे दोन शब्द वेगळे राहिले. विद्यार्थी आपसात ‘प्रॅक्टिकल’ म्हणतात तेव्हा त्यांना हाताने करायचे तेच अभिप्रेत असते. शासकीय कागदावर त्याचे प्रात्यक्षिक होते आणि अर्थ पसरट होतो. पाठ्यपुस्तकांतल्या ‘करून पहा’ या चौकटीने ती कसर थोडी भरून काढली. तिथे निदान आज्ञा मुलाला आहे. पण ‘करून पहा’चेही वर्गात ‘बघा, मी करून दाखवतो’ व्हायला वेळ लागत नाही. साठ मुले, एक सूक्ष्मदर्शक आणि पस्तीस मिनिटांचा तास असेल तर त्यासाठी शिक्षकाला दोषही देता येत नाही.

हा गोंधळ केवळ भाषेपुरता राहिला नाही, हे विच्छेदन थांबवण्याच्या निर्णयात दिसले. १९८७ मध्ये कॅलिफोर्नियातल्या एका विद्यार्थिनीने बेडूक कापायला नकार दिला. प्रकरण न्यायालयात गेले आणि १९८८ मध्ये त्या राज्याने नैतिक कारणावरून हरकत घेण्याची मुभा विद्यार्थ्यांना कायद्याने दिली. त्याच सुमारास, १९८७ मध्येच, भारताने बेडकांच्या पायांची निर्यात बंद केली. शेतातले बेडूक संपत चालले होते आणि कीड वाढेल अशी भीती होती. प्रयोगशाळांना लागणारे बेडूकही त्याच शेतांतून येत. शालेय स्तरावर विच्छेदन हळूहळू ऐच्छिक झाले, मग गळाले. २००४ मध्ये कर्करोगाचे वर्गीकरण करणाऱ्या आंतरराष्ट्रीय यंत्रणेने फॉर्मालिनमधल्या फॉर्माल्डिहाइडला माणसात कर्करोग घडवणाऱ्या पदार्थांत बसवले, तेव्हा बरण्यांच्या बाजूने बोलणाऱ्यांचा आवाज आणखी खाली आला.

आपल्याकडे महाविद्यालयांसाठी २०११ मध्ये विद्यापीठ अनुदान आयोगाची जी मार्गदर्शक तत्त्वे आली, ती मला या सगळ्या इतिहासातली सर्वांत बोलकी वाटतात. पदवीच्या विद्यार्थ्यांनी विच्छेदन करायचे नाही. एका प्रजातीचे विच्छेदन शिक्षकांनी करून दाखवायचे. म्हणजे साडेचारशेहून अधिक वर्षांनी पुन्हा पादुआचे चित्र, प्राध्यापकाच्या हातात सुरी आणि विद्यार्थी कठड्यापाशी. मराठीत या बदलाची बातमी सांगायला वेगळा शब्दच नव्हता. आधीही प्रात्यक्षिक होते, नंतरही प्रात्यक्षिकच. २०१४ मध्ये तेही थांबले.

बेडूक वाचले याचे मला मनापासून समाधान आहे. तो निर्णय योग्यच होता. त्यावर पुष्कळ वाद झाला, पण वाद कापावे की कापू नये एवढाच राहिला. मुलांच्या रिकाम्या हातात काय द्यायचे, हा प्रश्न तेव्हा कोणी नेटाने लावून धरला नाही. बहुतेक ठिकाणी हातात तक्ता आला. बेडकाची आकृती भिंतीवर, तिच्यावर क्रमांक आणि तोंडी परीक्षेत ‘हा कुठला अवयव?’

खरे तर हातात द्यायला जुन्यातलेच पुष्कळ होते, आणि त्यासाठी एकही प्राणी लागत नव्हता. १६२८ मध्ये एका इंग्रज वैद्याने रक्ताभिसरणावर जे छोटे पुस्तक लिहिले, त्यात हाताच्या शिरांचा एक प्रयोग चित्रांसह आहे. तो आजही नववीचा वर्ग दहा मिनिटांत करू शकतो. दंडाला रुमाल बेताने बांधायचा. कोपराच्या खालच्या शिरा फुगतात आणि त्यांवर मध्ये मध्ये छोट्या गाठी दिसतात. त्या झडपा. शिरेवर मनगटाच्या बाजूला एक बोट दाबून धरायचे आणि दुसऱ्या बोटाने रक्त कोपराकडे, पुढच्या गाठीपलीकडे सारायचे. मग ते दुसरे बोट उचलायचे. गाठीच्या वर शीर फुगलेली आणि गाठीपासून खालच्या बोटापर्यंत सपाट, रिकामी. वरचे रक्त खाली येत नाही. आता खालचे बोट उचलले की शीर मनगटाकडून क्षणात भरते. रुमाल मिनिटभरात सोडायचा, आणि ज्याला रक्ताचा काही विकार आहे त्याने फक्त बघायचे. मुले आपला हात शेजाऱ्याच्या हाताशी ताडून बघतात. कोणाच्या शिरा दिसतच नाहीत, कोणाची गाठ भलतीकडेच. जर्नलमधल्या आकृतीशी न जुळणारे शरीर त्यांना पहिल्यांदा भेटते ते असे.

कागदाची नळीही तशीच जुनी. १८१६ मध्ये पॅरिसच्या एका वैद्याने रुग्ण तरुणीच्या छातीला कान लावायचा संकोच वाटला म्हणून कागदाची गुंडाळी करून ऐकले आणि स्टेथोस्कोपचा जन्म झाला. वर्गात वहीचा पुठ्ठा गुंडाळला तरी ठोके ऐकू येतात. काही कृती मात्र मध्येच बंद पडल्या. बोटाला सुई टोचून रक्तगट पाहणे १९८० च्या दशकात एड्सच्या भीतीने अनेक देशांतल्या शाळांतून गेले, आणि ती काळजी रास्त होती.

प्रतिकृतींचे एक वेगळे प्रकरण आहे. सुटे भाग काढून पुन्हा बसवता येतील अशी कागदी लगद्याची मानवी शरीरे फ्रान्समध्ये १८२० च्या दशकात बनू लागली. शवे मिळत नसत म्हणून. आजच्या वर्गातली सर्वांत लोकप्रिय प्रतिकृती म्हणजे बाटली आणि फुग्यांचे फुप्फुस. तळ कापलेली बाटली, आत नळीला लावलेले दोन फुगे आणि तळाला ताणून बसवलेले रबर. रबर खाली ओढले की फुगे फुगतात. हवेला आत ढकलणारे कोणी नाही, आतला दाब कमी झाला म्हणून ती आत आली, ही समजायला अवघड गोष्ट इथे डोळ्यांना दिसते. पण प्रतिकृती चुकीचेही बरेच शिकवते. शरीरात फुप्फुस छातीच्या भिंतीला जवळजवळ चिकटून असते, मध्ये द्रवाचा पातळ थर. बाटलीत भोवती हवाच हवा. विश्रांतीत श्वासपटल, म्हणजे छातीच्या तळाचा स्नायूचा पडदा, वर घुमटासारखे असते आणि आकुंचन पावताना सपाट होते, तर बाटलीतले रबर आधीच सपाट. फासळ्या तर नाहीतच. प्रतिकृती झाल्यावर ‘हिच्यात आणि तुझ्या छातीत कुठले फरक आहेत?’ हा प्रश्न विचारला तर याच चुका उपयोगी पडतात. न विचारता पुढे गेलो तर मुले वर्षानुवर्षे बाटलीच लक्षात ठेवतात.

पडद्यावरचे विच्छेदन नव्वदच्या दशकात आले. १९९४ मध्ये एका पुरुषदेहाचे एक मिलिमीटर जाडीचे छेद आणि १९९५ मध्ये एका स्त्रीदेहाचे आणखी पातळ छेद डिजिटल स्वरूपात अभ्यासासाठी खुले झाले. २०१९ मध्ये फ्लोरिडातल्या एका शाळेत मुलांनी खऱ्याऐवजी कृत्रिम बेडूक कापले. त्यात हाताला कातडीचा ताण लागतो, पडद्यावर तो लागत नाही. मग कोविडमुळे शाळा बंद राहण्याचा काळ आला आणि कित्येक ठिकाणी ‘प्रात्यक्षिक’ म्हणजे शिक्षकाने पाठवलेला व्हिडिओ झाला. त्याही वेळी वेळापत्रकातला शब्द बदलावा लागला नाही.

गेली काही वर्षे माझ्या टाचणवहीत मी हा शब्द लिहिणे सोडले आहे. दोन रकाने आखले आहेत, ‘दाखवले’ आणि ‘केले’. शिरेची झडप, कागदी नळी आणि फळाच्या गरातून मीठ, साबण व अल्कोहोल वापरून डीएनएचे तंतू वर काढणे ही तीन दुसऱ्या रकान्यात आहेत. बाटलीतले फुप्फुस अजून पहिल्यातच आहे, कारण प्रत्येक गटासाठी बाटल्या कापून होत नाहीत.