जिन सावर फार गोड लागतंय? फोन करायच्या आधी हे वाचा

जिन सावर म्हणजे जिन, लिंबू आणि सिरप बर्फासोबत हलवून केलेलं ड्रिंक, आणि त्यासाठीच्या आमच्या तुळस-गवती चहा सिरपबद्दल जेवढे फोन येतात त्यातले बहुतेक एकाच कारणाचे असतात. शनिवारची रात्र, साडेनऊ-दहाची वेळ, मागे गाणी चालू आणि समोरून, "दादा, सिरप मस्त आहे पण ड्रिंक गोडमिट्ट झालंय, आणि एवढी जिन ओतली तरी स्ट्राँग वाटत नाहीये, नुसतं घशाला जळजळतंय." मग मी विचारतो बर्फ किती टाकलात, आणि उत्तर ठरलेलं, "तीन-चार तुकडे टाकले ना, जास्त टाकला तर पाणचट होईल." हे बोलणं इतक्यांदा झालंय की शेवटी हा कागद छापून प्रत्येक बाटलीसोबत द्यायचं ठरवलं. पेग म्हणजे काय, लिंबू कसं पिळतात, हे तुम्हाला माहितीय असं धरून लिहितोय.

गोड लागायची कारणं दोन. पहिलं पटकन सांगतो. नेटवर जिन सावरच्या ज्या रेसिपी मिळतात त्यात बहुतेक ठिकाणी जिन ६० मिली, लिंबू २२ आणि सिरप २२ असं असतं, ते माप पातळ सिरपचं आहे, म्हणजे साखर आणि पाणी समान. आमचं सिरप घट्ट आहे, दोन भाग साखरेला एक भाग पाणी. ते मुद्दाम तसं करतो कारण आम्ही प्रिझर्व्हेटिव्ह घालत नाही, मग टिकवायचं काम साखरेलाच करावं लागतं, पातळ सिरप आठ-पंधरा दिवसांत आंबायला लागतं आणि कुरिअरमध्ये बाटलीचं झाकण उडालेलं मी स्वतः बघितलंय. तर आमचं सिरप १५ मिलीच घ्या. मोजायला काही नसेल तर टेबलस्पून घ्या, जिन चार, लिंबाचा रस दीड, सिरप एक. तोही नसेल तर खोकल्याच्या औषधाच्या बाटलीवरची मापाची टोपी धुवून घ्या, तिच्यावर रेघा असतात. फक्त अंदाजाने ओतू नका. सावर हे असं ड्रिंक आहे की त्यात पाच मिली इकडचं तिकडे झालं तरी जिभेला कळतं. १५ मिलीने २५० मिलीच्या एका बाटलीत १६ ग्लास होतात. तुम्ही २५-२५ ओतलंत तर दहाच होतात, आमची बाटली लवकर संपते खरं, पण तुम्ही परत घेत नाही.

आता दुसरं कारण, बर्फ. या एका गोष्टीसाठी हा कागद आहे.

आपल्याकडे बर्फ म्हणजे पाणी मारणं असंच डोक्यात बसलंय, व्हिस्कीत दोन तुकडे टाकतो तसे शेकरमध्ये, म्हणजे ड्रिंक हलवायच्या झाकणाच्या भांड्यात, दोन-तीन टाकतो, चार-पाच सेकंद हलवतो आणि ओततो. पण सावरमध्ये पाणी हा चौथा घटकच आहे, ते बाहेरून घालत नाहीत, हलवताना बर्फातून येतं, आणि सगळं माप ते येणार हे धरूनच ठरलेलं आहे. शिवाय गार आणि कोमट यांत गोडी वेगळी लागते. वितळलेलं आइस्क्रीम चाखून बघा, फ्रीझरमधून काढल्यावर बरोबर वाटणारं तेच आइस्क्रीम वितळलं की गोडघाशी लागतं. तेच इथे होतं. कमी बर्फाचं ड्रिंक पुरतं गार होत नाही, मग सिरप पुढे येतं, जिनचा अल्कोहोल नाकात आणि घशात जातो, तुळस कुठे गायब होते कळत नाही. मग माणूस काय करतो, गोड लागतंय म्हणून अजून जिन ओततो, मग कडवट झालं म्हणून अजून लिंबू, मग आंबट झालं म्हणून परत सिरप. शेवटी ग्लासभर काहीतरी तयार होतं आणि दोष सिरपला.

मे महिन्यात पुण्याचे एक गिऱ्हाईक सावंतवाडीत मुक्कामाला होते, ते अर्धी उरलेली बाटली परत द्यायलाच आले. मी म्हटलं परत घेतो, पण आधी इथे ओट्यावर दोन ग्लास करू. एक तुमच्या पद्धतीने, एक माझ्या, दोन्हीत माप तेच, ६०, २२, १५. त्यांनी तीन तुकडे टाकून चार-पाच वेळा हलवून गाळलं. दुधाचा थर्मामीटर घातला तर १२ डिग्री. मी शेकर बर्फाने गळ्यापर्यंत भरला, झाकण दाबलं आणि बारा सेकंद जोरात हलवला, स्टीलवर बाहेरून पांढरट दव धरलं, बोटं चिकटायला लागली तेव्हा थांबलो. ते शून्याच्या खाली गेलेलं, उणे चार. साधं पाणी एवढ्याला गोठलं असतं पण आत अल्कोहोल आणि साखर आहे म्हणून गोठत नाही. मग मोजपात्रात ओतलं, आत टाकलेलं ९७ मिली होतं, बाहेर आलं १३७ च्या आसपास. म्हणजे ४० मिली पाणी बर्फातून आलं. त्यांनी दोन्ही चाखले, दुसऱ्यांदा चाखले, आणि बाटली परत पिशवीत टाकली.

"४० मिली पाणी म्हणजे मग स्ट्राँग कसं?" हा प्रश्न त्यांनीही विचारला, तुम्हीही विचाराल. हिशोब करू. आपल्याकडच्या बऱ्याच जिन ४२.८ टक्क्यांच्या असतात, बाटलीवर लिहिलेलं असतं. ६० मिलीत जवळपास २६ मिली शुद्ध अल्कोहोल. १३७ मिलीच्या ग्लासात ते झालं १८-१९ टक्के. वाईन १२-१३ च्या घरात असते, आणि त्याच पेगात दीडशे मिली टॉनिक वॉटर घातलं तर तेही १२ च्या आसपासच येतं. तेव्हा पूर्ण बर्फ टाकून केलेला सावर चांगलाच स्ट्राँग आहे, फक्त तो जळजळत नाही म्हणून कळत नाही, आणि म्हणूनच एकामागून एक पिऊ नका असं आम्ही सांगतो. ज्यांना तरीही अजून कडक पाहिजे त्यांनी जिन ७५ करा, लिंबू २५, सिरप १५ वरच ठेवा आणि बर्फ आहे तेवढाच. नव्वद करू नका, त्यात तुळस उरत नाही, मग आमचं सिरप कशाला घ्यायचं.

बर्फ कुठला हेही बघा. फ्रीझरमधून काढून पंधरा मिनिटं भांड्यात पडलेला बर्फ ओला असतो, त्याच्याबरोबर आयतं पाणी शेकरमध्ये जातं, आणि ते मात्र खरंच पाणचट करतं. मित्र यायच्या आधी बर्फ काढून ठेवायची सवय असते ना, ती सोडा, जिन-लिंबू-सिरप आधी शेकरमध्ये घ्या आणि बर्फ सगळ्यात शेवटी थेट ट्रेमधून. आणि आपल्या कोकणातल्या फ्रीझरमध्ये बांगडे-सुरमई असतेच, उघड्या ट्रेतला बर्फ तो वास धरतो. एका बाईंनी कळवलं होतं की सिरपला माशाचा वास येतोय, आम्ही त्या बॅचची ठेवलेली बाटली उघडून बघितली, काही नव्हतं, वास बर्फाचा निघाला. झाकणाचा ट्रे घ्या किंवा बर्फ झाला की डब्यात भरून ठेवा.

शेकर नसेल तर प्रोटीनवाल्यांचा शेकर चालतो, घट्ट फिरकीच्या झाकणाचा स्टीलचा डबा चालतो. काचेची बरणी नको, हातातून सटकते. गाळायला चहाची गाळणी उत्तम, बर्फाचे बारीक कण आणि पानांचा चुरा वर राहतो. पण कालच्या चहाची पावडर अडकलेली नको.

लिंबू ताजंच. मध्यम कागदी लिंबातून १५ ते २० मिली रस निघतो, म्हणजे एका ग्लासाला दीड लिंबू धरा. सालीसकट खूप दाबून पिळलं किंवा बिया चिरडल्या की कडवटपणा येतो. बाटलीतला लिंबाचा रस घातलात तर मग आम्हाला विचारू नका, त्याला शिजवल्यासारखी चव असते आणि ती कशानेही झाकत नाही.

आता ताजी तुळस घालायची असेल तर कशी ते. जर्मनीत हॅम्बुर्गच्या एका बारमध्ये २००८ साली जिन बेसिल स्मॅश नावाचं ड्रिंक निघालं, जिन, लिंबू, साखर आणि मूठभर ठेचलेली बेसिलची पानं. ते जगभर गाजलं, त्याचे व्हिडिओ बघून लोक बेसिलऐवजी कृष्ण तुळस खलबत्त्यात कुटून घालतात. तुळस वेगळी, तिच्यात युजेनॉल जास्त, लवंगेत असतं तेच, कुटली की झणका आणि कडवटपणा एकदम वर येतो, ड्रिंक काढ्यासारखं लागतं. तुळशीची चार-पाच पानं तळहातावर ठेवून एक टाळी मारा आणि बर्फाबरोबर शेकरमध्ये टाका, बास. ज्यांना बेसिलचाच स्वाद पाहिजे त्यांनी कुंडीत सब्जा पेरावा, फालुद्यात घालतो तोच, त्याचं झाड म्हणजेच बेसिल, ती पानं ठेचली तरी चालतात.

याच कारणासाठी आम्ही तुळस उकळत नाही. गवती चहाच्या काड्या पाण्यात दहा मिनिटं उकळतो, साखर विरघळवतो, गॅस बंद करतो, आणि मगच तुळस घालून झाकण ठेवतो, वीस मिनिटांनी गाळतो. गवती चहात सिट्राल असतं, लिंबासारखा वास देणारं द्रव्य, लिंबाच्या सालीतही तेच, म्हणून त्याचं आणि लिंबाचं इतकं जमतं. रंग पिवळट-शेवाळी येतो. "हिरवं का नाही" असं बरेच जण विचारतात. तुळशीचा हिरवा रंग गरम पाण्यात टिकत नाही, बाजारात जे पोपटी सिरप मिळतं त्यात रंग असतो, आम्ही घालत नाही आणि घालणारही नाही. तळाला थोडा गाळ दिसतो तो पानांचा आहे, बाटली हलवून घ्या.

काही घरांत तुळस दारूत घालायची नाही असं असतं, ते आम्हाला पूर्ण मान्य आहे, माझ्या आईलाही ते पटत नाही. आमची तुळस शेतात लावलेली असते, वृंदावनातली नाही, पण मनाला पटत नसेल तर आमचं पुदिना-जिरं सिरप घ्या, माप तेच, सावर तितकाच चांगला होतो. आणि उलट बाजूने, तुळस आहे म्हणजे सर्दीला बरं का, असंही विचारतात. नाही. तुळस असली तरी ते मद्यच आहे, औषध म्हणून कुणालाही देऊ नका. सर्दीसाठी तेच सिरप गरम पाण्यात लिंबू घालून घ्या, मुलांनाही चालतं, सिरपमध्ये दारूचा थेंब नाही.

जिन कुठली, तर ज्यात ज्युनिपर, म्हणजे जिनला तिचा मूळ स्वाद देणारं फळ, ठळक आहे अशी साधी लंडन ड्राय, म्हणजे गोडी नसलेली जिन. गोव्यात बनणारी ग्रेटर दॅन आमच्याकडे नेहमी असते, तिच्यात तुळस छान बसते. त्याच लोकांची हपुसा पण आहे, हपुषा हे ज्युनिपरचं संस्कृत नाव, ती हिमालयातल्या ज्युनिपरची, तिला स्वतःची मातकट चव आहे, तिच्यासोबत सिरप १५ ऐवजी १२ घेऊन बघा. गुलाबी किंवा संत्र्या-बिंत्र्याच्या फ्लेवरच्या जिन नको, दोन स्वाद भांडतात. आणि गोव्याहून स्वस्त मिळते म्हणून बाटल्या भरून आणू नका, बांद्याच्या अलीकडे इन्सुलीला गाड्या तपासतात, परमिटशिवाय सापडलात तर केस होते. महाराष्ट्रात जिनसाठी वय २५ पूर्ण पाहिजे आणि पिण्याचं परमिटही पाहिजे, दुकानात एका दिवसाचंही मिळतं.

वरचा पांढरा फेस कसा आणायचा, हेही विचारतात. बारमध्ये अंड्याचा पांढरा भाग घालतात. घरी कच्च्या अंड्याचं आम्ही सुचवत नाही, त्यापेक्षा काबुली चणे शिजवलेलं पाणी घ्या, २० मिली, पण मीठ-सोडा न घालता शिजवलेलं, आणि ते घट्टसर पाहिजे, पातळ असेल तर थोडं आटवा. आधी बर्फाशिवाय पंधरा सेकंद हलवा, मग बर्फ भरून परत बारा. फेस अंड्यासारखाच धरतो आणि चण्याची चव येत नाही.

बाटली उघडली की फ्रिजमध्ये, दोन महिन्यांत संपवा, ओला चमचा घालू नका. थंडीत किंवा फ्रिजमध्ये तळाला साखरेचे खडे बसतात, सिरप घट्ट असल्यामुळे ते होणारच, बाटली कोमट पाण्यात दहा मिनिटं उभी ठेवा, विरघळतात. ते खराब झालेलं नाही, टाकून देऊ नका. आंबूस वास आला किंवा उघडताना फस्स झालं तर मात्र फोटो पाठवा, बाटली बदलून देतो, पैसे घेत नाही.

आणि गोडीची तक्रार असेल तर आधी एकदा शेकर गळ्यापर्यंत बर्फाने भरून, बारा सेकंद मोजून एक ग्लास करा. तरीही गोड लागलं तर रात्री दहालासुद्धा फोन करा, उचलतो. रिकामी काचेची बाटली धुवून परत आणलीत तर पुढच्या बाटलीवर १० रुपये कमी.