पाणीकपातीत सोसायटीने अर्ज कसा करावा? ठाणेकरांसाठी माहिती

धरणांतला साठा खाली गेला की ठाण्यातल्या प्रभाग समित्यांमध्ये सोसायट्यांच्या लेटरहेडवरची पत्रं धडाधड येऊ लागतात: 'आमच्याकडे पाणी येत नाही, कृपया लक्ष घालावे.' त्याला उत्तरही ठरलेलं: 'सध्या कपात सुरू आहे.' कपात तर सगळ्यांनाच आहे. आपल्या इमारतीला कपात धरूनही कमी मिळतंय, हे आकड्यांत मांडलं तरच अर्ज पुढे सरकतो.

आधी आपलं पाणी कुठून येतं ते कनिष्ठ अभियंत्याला विचारून घ्या. ठाण्याला रोज मिळणारं सुमारे 585 दशलक्ष लिटर पाणी चार ठिकाणांहून येतं: पालिकेची भातसा नदीवरची स्वतःची योजना, एमआयडीसी, स्टेम (शहाड-टेमघर पाणीपुरवठा संस्था) आणि मुंबई महापालिका. कळवा, मुंब्रा, दिवा या पट्ट्यात मुख्यतः एमआयडीसीचं, म्हणजे बारवी धरणाचं पाणी. जून 2024 मध्ये मुंबईने 10 टक्के कपात केली, तेव्हा ती मुंबईकडून ठाण्याला मिळणाऱ्या पाण्यालाही लागू झाली. त्यामुळे पेपरातली प्रत्येक कपात आपल्या नळाची असतेच असं नाही.

आता मीटर. निदान आठवडाभर, पाणी यायच्या आधी आणि गेल्यावर, रोज दोनदा रीडिंग लिहा आणि मोबाइलवर फोटो काढा. एक युनिट म्हणजे 1000 लिटर. शहरी पाणीपुरवठ्यात माणशी 135 लिटर हे माप धरतात. घरटी पाच माणसं आणि 60 फ्लॅट धरले तर रोजची गरज 40,500 लिटर, म्हणजे साडेचाळीस युनिट. 10 टक्के कपातीत 36 युनिटच्या आसपास यायला हवं. मीटरवर 22 दिसत असेल तर तक्रारीत दम आहे. यात एक मेख आहे. पाणी सुटताना पाइपातली हवा आधी बाहेर पडते आणि मीटर तिच्यावरही फिरतं. म्हणून जमिनीखालच्या टाकीत पंप बंद ठेवून पातळी किती चढली तेही पट्टीने मोजा. लांबी, रुंदी आणि चढलेली पातळी मीटरमध्ये घेऊन गुणली की युनिट मिळतात.

अभियंता पाहणीला आला की पहिला प्रश्न गळतीचा असतो. तो येण्याआधी एका रात्री पंप आणि इनलेट बंद करून टाकीच्या भिंतीवर पातळीची खूण करा. सकाळी पाणी खुणेखाली गेलं असेल, तर आधी प्लंबर बोलवा. थेट लाइनला मोटर जोडलेली असेल तर ती काढून टाका. सापडली तर तक्रार राहील बाजूला, कारवाई तुमच्यावरच.

अर्ज कोणी करायचा? जोडणी ज्याच्या नावावर, त्याने. कितीतरी इमारतींची जोडणी अजून बिल्डरच्याच नावावर आहे. तिथे आधी 'मालकी हक्कात बदल' हा अर्ज करावा लागतो. बिल थकलेलं असेल तर भरून टाका, नाहीतर फाइल तिथेच अडते.

सोबत जोडायला सोसायटीचं नोंदणी प्रमाणपत्र, कमिटीचा ठराव, सही करणाऱ्याचं ओळखपत्र, शेवटचं पाणीबिल आणि पावती, भोगवटा प्रमाणपत्राची प्रत आणि मीटरच्या नोंदींचा तक्ता, एवढं तयार ठेवा.

विषयाची ओळ नीट लिहा. नागरी संस्थांच्या लोकसेवांच्या यादीत 'पाण्याची दबाव क्षमता तक्रार' आणि 'नादुरुस्त मीटर तक्रार' अशा वेगळ्या सेवा आहेत. नळजोडणीचा आकार वाढवून घेणं ही आणखी निराळी. तिन्ही एकाच पत्रात कोंबू नका. अर्ज प्रभाग कार्यालयात किंवा 'आपले सरकार' पोर्टलवर करता येतो. क्रमांक असलेली पोच घेतल्याशिवाय खिडकी सोडू नका. लोकसेवा हक्क अधिनियम 2015 प्रमाणे प्रत्येक सेवेला मुदत आणि पदनिर्देशित (ती सेवा द्यायला जबाबदार) अधिकारी असतो, आणि नकार द्यायचा तर लेखी कारण द्यावं लागतं. मुदत उलटली किंवा अर्ज फेटाळला, तर 30 दिवसांत पहिलं अपील, मग दुसरं, शेवटी सेवा हक्क आयोग. दोषी अधिकाऱ्याला 500 ते 5000 रुपये दंडाची तरतूद आहे.

बोअरवेलचा विषय निघतोच. केंद्रीय भूजल प्राधिकरणाच्या सप्टेंबर 2020 च्या मार्गदर्शक सूचनांत घरगुती वापराच्या वैयक्तिक ग्राहकाला सूट आहे, गृहनिर्माण सोसायटीला नाही. तिला ना-हरकत लागते. खाडीलगत खारं पाणी लागण्याचा धोका वेगळाच. पर्जन्यजल संधारणाचं मात्र आधी बघा: 500 चौरस मीटर किंवा त्याहून मोठ्या भूखंडावरच्या नव्या बांधकामाला ते सक्तीचं आहे, आणि यंत्रणा बंद ठेवली तर दर 100 चौरस मीटर बांधकामामागे वर्षाला 1000 रुपयांपर्यंत आकारणी होऊ शकते. बऱ्याच ठिकाणी पाणी मुरवायचा खड्डा असतो, पण त्यातली खडी गाळाने भरलेली. ती मेअखेरीपर्यंत धुऊन घ्या.