थेंब चालू असताना लेझर कशाला?

काचबिंदूच्या रुग्णाला डॉक्टरांनी लेझर सुचवला, की परभणीत काय आणि बीडमध्ये काय, पहिला प्रश्न ठरलेला: "म्हणजे आता थेंब बंद का?" घरातल्या कुणाला वाटतं, मोतीबिंदूसारखा काचबिंदूही निघून जाईल. पण निघण्यासारखं तिथे काही नसतंच. डोळ्यातला दाब न सोसून दृष्टीची नस वाळत जाते, आणि वाळलेली नस थेंबांनी पालवत नाही, लेझरनेही नाही. दोन्हींचं काम एकच, दाब उतरवणं. (मधाचे नाहीतर कांद्याच्या रसाचे थेंब विकणाऱ्यांना तेही जमत नाही. वर डोळा चिघळतो तो वेगळा.)

डोळ्यात मिनिटाला साधारण 2 ते 2.5 मायक्रोलिटर पाणी तयार होतं आणि बुबुळाच्या कडेच्या बारीक जाळीतून निचरतं. ही जाळी नीट वाहती राहिली नाही की दाब चढतो. 1979 पासून आर्गॉन लेझरने तिच्यावर डाग देत असत. एकेक झोत 0.1 सेकंदाचा, म्हणून आजूबाजूची जाळीही भाजे आणि व्रण उरत.

आताच्या एसएलटीची (सिलेक्टिव्ह लेझर ट्रॅबेक्युलोप्लास्टी, म्हणजे जाळीतल्या निवडक पेशींवरच काम करणारा लेझर) गंमत वेळेत आहे. 532 नॅनोमीटरचा हिरवा प्रकाश शोषतात ते जाळीच्या पेशींमधले मेलॅनिनचे काळे कण. कणातली उष्णता बाहेर झिरपायला सुमारे एक मायक्रोसेकंद (म्हणजे हजार नॅनोसेकंद) लागतो आणि लेझरचा झोत 3 नॅनोसेकंदांतच संपलेला असतो. तव्यावरची भाकरी झटक्यात उलटणारी बोटं भाजत नाहीत ना, तसंच. काळ्या कणांची पेशी मरते, शेजारीण शाबूत. मग मेलेल्या पेशींकडून सायटोकाइन्स या निरोप्या रसायनांचे सांगावे सुटतात, भक्षक पेशी गोळा होतात, मेटॅलोप्रोटिनेज विकरं तंतूंची फेररचना करतात आणि निचरा सुधारतो, असं मानलं जातं.

ब्रिटनमधल्या 718 रुग्णांच्या चाचणीत लेझर घेतलेल्या गटातल्या सुमारे तीन चतुर्थांश जणांचा दाब तीन वर्षांनीही थेंबांविना आटोक्यात होता. पण ते नवे रुग्ण होते. थेंबांनी दाब आधीच उतरलेला असेल, तर लेझरने आणखी उतरतो तो कमी. तरीही एखादी बाटली कमी झाली तर आपल्याकडे ते थोडं नाही. लॅटॅनोप्रोस्ट या काचबिंदूच्या थेंबांची उघडलेली बाटली 25 अंशांखाली ठेवायची असते, आणि मे महिन्यात परभणी चाळिशीपार!

कोन (बुबुळाच्या कडेची, जाळी असते ती जागा) बंद असलेल्या काचबिंदूला हा लेझर चालत नाही, त्याचा लेझर निराळा. एसएलटीचा असरही काही वर्षांत ओसरतो, मात्र तो पुन्हा करता येतो.

गुण दिसायला चार ते सहा आठवडे लागतात. डॉक्टर सांगेपर्यंत थेंब चालूच ठेवायचे. दसऱ्यानंतर ऊसतोडीला जाणाऱ्याने लेझर गणपतीच्या सुमारास करून घेतला, तर कोयता उचलण्याआधी दाब एकदा मोजून होतो.