फिलिप्स, सॅम

फिलिप्स, सॅम : (५ जानेवारी १९२३ – ३० जुलै २००३). रॉक अँड रोलच्या आरंभकाळातील अमेरिकन ध्वनिमुद्रिका-निर्माता आणि ‘सन रेकॉर्ड्‌स’चा संस्थापक. जन्म ॲलाबामा राज्यात फ्लॉरेन्सजवळ, शेतकरी कुटुंबात. कापसाच्या शेतात राबणाऱ्या कृष्णवर्णीय मजुरांची गाणी लहानपणीच त्याच्या कानांवर पडली. काही वर्षे रेडिओत काढल्यावर जानेवारी १९५० मध्ये त्याने टेनेसी राज्यातील मेंफिस येथे ७०६, युनियन ॲव्हेन्यू या पत्त्यावर छोटा स्टुडिओ थाटला. पोटासाठी तो लग्नेच काय, अंत्यविधीही ध्वनिमुद्रित करी; ओढ मात्र ब्लूज या कृष्णवर्णीयांच्या संगीताची. बी. बी. किंग आणि हाउलिन वुल्फ या ब्लूज गायकांची सुरुवातीची गाणी त्याने इथेच टिपली.

मार्च १९५१ मध्ये आइक टर्नरचा वाद्यवृंद ‘रॉकेट ८८’ मुद्रित करायला आला, तेव्हा गिटारच्या ॲम्प्लिफायरचा स्पीकर वाटेत बिघडला होता. फिलिप्सने त्यात कागद कोंबला आणि निघालेला घरघरता सूर तसाच ठेवला. हेच पहिले रॉक अँड रोल गाणे की नाही, यावर वाद चालूच असतो. पण सफाईपेक्षा जिवंतपणा मोलाचा, ही त्याची नजर इथे पुरती दिसते.

१९५२ मध्ये सन रेकॉर्ड्‌स सुरू झाली. ५ जुलै १९५४ रोजी त्याच्या स्टुडिओत गायक एल्व्हिस प्रेस्ली, गिटारवादक स्कॉटी मूर आणि बासवादक बिल ब्लॅक यांची संथ गाणी काही केल्या जमेनात. मधल्या विश्रांतीत एल्व्हिसने आर्थर क्रुडपचे एक ब्लूज गीत गमतीने उडत्या चालीत सुरू केले. फिलिप्सने तेच पुन्हा गायला लावले. ‘दॅट्स ऑल राइट’ ते हेच. मेंफिसच्या रेडिओवर ते गाजवणारा निवेदक ड्यूई फिलिप्स हा सॅमचा आडनावबंधू, नातलग नव्हे. सनचा प्रसिद्ध प्रतिध्वनी दुसऱ्या टेपयंत्रातून यायचा : त्याच्या मुद्रण व श्रवण हेडांमधील (आवाज टेपवर नोंदवणाऱ्या व वाचणाऱ्या भागांमधील) अंतरामुळे आवाज क्षणभर मागे पडे आणि मूळ आवाजात मिसळे.

नोव्हेंबर १९५५ मध्ये फिलिप्सने एल्व्हिसचा करार ‘आरसीए’ या बड्या ध्वनिमुद्रिका-कंपनीला ३५,००० डॉलरांना विकला. आज हा सौदा वेडेपणाचा वाटतो. पण सन कंपनी पैशांच्या चणचणीत होती. सनचेच गायक कार्ल पर्किन्स, जॉनी कॅश, जेरी ली ल्युइस पुढे आले. मात्र गोऱ्या गायकांना यश मिळताच कृष्णवर्णीय कलावंत मागे पडले, हा सनसाठी गायलेल्या कृष्णवर्णीय गायक रूफस टॉमसचा आक्षेप रास्तच म्हणावा लागेल.

१९६९ मध्ये त्याने कंपनी विकली. तोवर ‘हॉलिडे इन’ या हॉटेल-साखळीत अगदी आरंभी गुंतवलेल्या पैशांनी त्याला श्रीमंत केले होते.