घरी बांधलेला ॲम्प्लिफायर आपणहून बोलायला लागतो तेव्हा

हॅम रेडिओचा, म्हणजे हौशी बिनतारी संदेशवहनाचा, नाद लागलेल्या पोरांच्या डोक्यातून एक समज काही केल्या जात नाही. ॲम्प्लिफायर गडबड करायला लागला म्हणजे ट्रान्झिस्टर गेला. मग बाजारातून नवा आणायचा, सोल्डर करायचा, की पुन्हा तीच रड.

परवा खानापूरकडच्या एका मुलाने 7 मेगाहर्ट्झसाठी बांधलेला ॲम्प्लिफायर माझ्या टेबलावर होता. आत आयआरएफ510 हा स्वस्तातला मॉसफेट, म्हणजे ट्रान्झिस्टरचाच एक प्रकार: सिग्नल त्याच्या गेटवर जातो आणि वाढून ड्रेनवरून बाहेर पडतो. इनपुट मोकळं, आउटपुटला 50 ओहमचा डमी लोड, म्हणजे अँटेनाच्या जागी लावलेला रेझिस्टर. बायसचा, म्हणजे गेटवरच्या स्थिर व्होल्टेजचा, प्रीसेट फिरवत गेलो तसा अँपमीटरचा काटा सावकाश चढत होता, आणि एका जागी आल्यावर टपकन उडी मारून पार टोकाला गेला. इनपुटला काही नसताना डमी लोड गरम! मॉसफेट ठणठणीत होता. ॲम्प्लिफायरचा ऑसिलेटर झाला होता, म्हणजे तो आपला सिग्नल आपणच तयार करत होता.

बेळगावात गणपतीच्या मंडपात माईक स्पीकरसमोर आला की कर्कश शिट्टी वाजते, ती सगळ्यांनी ऐकली आहे. स्पीकरचा आवाज माईकमध्ये शिरतो, वाढून पुन्हा स्पीकरमधून येतो, पुन्हा शिरतो. जर्मन शास्त्रज्ञ हाइनरिश बार्कहाउझेन यांनी 1921 मध्ये याची अट मांडली: फेरा पूर्ण करून परत आलेला सिग्नल निदान तेवढाच मोठा हवा आणि मूळ सिग्नलशी फेजमध्ये, म्हणजे चढउताराच्या वेळेत, जुळलेला हवा. दोन्ही जमलं, की बाहेरून काही द्यावं लागत नाही.

मंडपात वाट हवेतून असते. इथे ती कुठून? मला सगळ्यात आवडणारा भाग हाच, त्यामुळे थोडं गणित सोसावं लागेल. या मॉसफेटच्या गेटची कपॅसिटन्स सुमारे 180 पिकोफॅरड. गेटला जाणारी वायर अडीच सेंटीमीटर असेल, तर तिची इंडक्टन्स ढोबळमानाने 25 नॅनोहेन्री. 7 मेगाहर्ट्झला या वायरीचा अडथळा जेमतेम एक ओहम, म्हणून सर्किटच्या नकाशात ती नुसती एक रेघ असते. पण 25 नॅनोहेन्री आणि 180 पिकोफॅरड मिळून सुमारे 75 मेगाहर्ट्झला रेझोनन्स होतो, त्या फ्रिक्वेन्सीचा सिग्नल तिथे उसळून वाढतो. म्हणजे कुणी न बसवलेलं एक ट्यून्ड सर्किट गेटवर बसलेलं असतं. ड्रेनच्या वायरीतही असंच दुसरं तयार होतं, आणि मॉसफेटच्या आतली ड्रेन ते गेट ही 15 पिकोफॅरडच्या आसपासची कपॅसिटन्स दोघांना जोडते. फेरा पूर्ण!

वायर आखूड केली की भागेल, असं वाटतं. ती आखूड करावीच, पण तेवढ्याने रेझोनन्स नुसता वर सरकतो. 10 नॅनोहेन्रीला तो 119 मेगाहर्ट्झच्या आसपास जातो, आणि 118 ते 137 मेगाहर्ट्झवर विमानांचं बोलणं चालतं. बेळगावचा सांबऱ्याचा विमानतळ आपल्या उशाशी आहे, तेव्हा ही गोष्ट हलक्यात घेऊ नये.

खरा इलाज म्हणजे गेटला अगदी लागून 10 ओहमचा रेझिस्टर. 75 मेगाहर्ट्झला त्या वायरीचा अडथळा साधारण 12 ओहम असतो, त्यामुळे 10 ओहम मध्ये आले की रेझोनन्सचा जोर मोडतो. 7 मेगाहर्ट्झला गेटचा अडथळा सव्वाशे ओहमच्या घरात, म्हणून तिथे या रेझिस्टरने फारसं नुकसान होत नाही. गेटच्या वायरीवर फेराइट बीड, म्हणजे चुंबकीय पदार्थाचा छोटा मणी, ओवला तरी चालतं.

अमक्याचा हात लागला की सेट शांत होतो, असं काही जण मनापासून सांगतात. सेटला लिंबू-मिरची बांधलेलीही मी पाहिली आहे. बोट लावल्यावर ऑसिलेशन खरंच थांबू शकतं, पण ते कुणाच्याही बोटाने थांबतं. बोटाची थोडी कपॅसिटन्स आणि कातडीचा रेझिस्टन्स त्या फेऱ्यात घुसतो, एवढंच. मात्र बोट लावायचं ते कमी व्होल्टेजच्या गेटच्या बाजूला. ड्रेनवर आरएफचा चटका बसतो.

रेझिस्टर घालूनही काटा उडी मारत असेल, तर खालच्या फ्रिक्वेन्सीकडे पाहा. काहीशे किलोहर्ट्झला गेन, म्हणजे सिग्नल वाढवण्याची ताकद, जास्त असते आणि सप्लायचा चोक (सप्लायच्या वाटेतली कॉइल) तिथे वेगळाच रेझोनन्स धरतो. चोकला समांतर काहीशे ओहमचा रेझिस्टर आणि सप्लायवर 0.1 मायक्रोफॅरडसोबत एक मोठा इलेक्ट्रोलिटिक घाला. इनपुट-आउटपुटच्या वायरी बोर्डाच्या दोन टोकांना न्या. मग प्रीसेट पुन्हा शून्यापासून फिरवा, आणि काटा कुठे अडखळतो का ते पाहिल्याशिवाय अँटेना जोडू नका.